बाईंचा सतरावाला

सक्करदऱ्याच्या तलावामागच्या गल्लीत मी खोली पाहायला गेलो, तेव्हा घरमालकीणबाईंनी मला गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, मी अंडी खातो का तेही विचारलं नाही. सरळ गच्चीवर नेलं, सिमेंटच्या पाण्याच्या टाकीसमोर उभं केलं, टाकीवर हात ठेवायला लावला आणि म्हणाल्या, "म्हण. मी मोबाइलमध्ये पाहणार नाही. पाहिलं तर सांगणार नाही. सांगितलं तर त्याच दिवशी खोली खाली करीन."

मी म्हणालो. मे महिना होता. टाकी अशी तापली होती की त्या शपथेचा डाग पुढे दोन वर्षं माझ्या तळहातावर होता. हात पाहणाऱ्या एका गृहस्थानं तो बघून मला परदेशगमनाचा योग सांगितला.

"पण बाई, पाहायचं नाही ते काय?"

"सतरावाला."

मला वाटलं, सतरा नंबरच्या घरात राहणारा कोणी भानगडीचा इसम असेल. आपल्याला काय करायचं आहे, म्हणून मी सामान आणलं.

सतरावाला म्हणजे एक संख्या होती. एकापुढे एक, असे ओळीनं सतरा एक मांडायचे. बस. बाईंना एवढंच जाणून घ्यायचं होतं की ही संख्या कशानं तुटते का. म्हणजे तिला नि:शेष भागणारी, तिच्याहून लहान, एकाहून मोठी अशी एखादी संख्या आहे का. असेल तर कोणती. आणि हे त्यांना स्वतःच्या हातानं, खडूनं, भागाकार करून काढायचं होतं. मोबाइलला विचारलं तर तो डोळ्याची पापणी लवायच्या आत सांगतो. म्हणून शपथ.

बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. उंची सव्वाचार फूट, आवाज सव्वाचार किलोमीटर. गच्चीवरून त्यांनी "काहून गा" म्हणून जाब विचारला की चौकातल्या सिग्नलला लाल व्हावंसं वाटे. खडू फेकून त्या उडता डास पाडत. मी स्वतः पाहिलंय, आणि पडलेल्या डासाच्या चेहऱ्यावर खाली मान घातलेल्या विद्यार्थ्याचा भाव होता, हेही पाहिलंय.

संख्यांच्या बाबतीत त्यांची आवडनिवड पक्की होती. ज्या संख्या कशानंच तुटत नाहीत त्या त्यांच्या लाडक्या. पटकन तुटणाऱ्यांची कीव. "बारा म्हणजे गरीब गाय गा," त्या म्हणत. "दोन आला, तीन आला, चार आला, सहा आला, कोणीही दावं धरून घेऊन जाते." म्हणून त्या केळी डझनानं घेत नसत, तेरा घेत. एक खाल्लं की बारा उरतात, ते बरं दिसत नाही, म्हणून दोन खात आणि अकरा ठेवत. अकरावरून सातावर यायचं तर एका दिवसात चार केळी संपवावी लागत. त्या दिवशी आम्हा भाडेकरूंना खाली बोलावणं येई. आम्ही नागपूरच्या उन्हात कूलर विकत दमून येणारी माणसं. त्या चाराची आम्ही पगारासारखी वाट पाहायचो.

माणसांनाही त्यांनी संख्या वाटल्या होत्या. शेजारच्या वहिनी त्र्याहत्तर. "कुठूनच हात लावता येत नाही वं तुले," असं त्यांना तोंडावर सांगितलेलं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला चौसष्ट, कारण त्याला अर्धं केलं तरी तो पुन्हा अर्धा व्हायला तयार. मला पंधरा दिवस निरखून त्यांनी एक्क्याण्णव दिला. मी खूश झालो. एक्क्याण्णव म्हणजे कसा भारदस्त, एकटा उभा असलेला.

"खूश नको होऊ," बाई म्हणाल्या. "एक्क्याण्णव दिसते पक्का. पण साताचा पाढा लावला की उकलते. सात तेरं एक्क्याण्णव. तुझा सात म्हणजे कौतुक. कोणी वा म्हटलं, की पोटातलं सगळं तोंडावर."

सतरावाल्यापर्यंत बाई एकदम पोचल्या नव्हत्या. नोकरीत असताना दर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी एकेक एक वाढवत नेला होता. दोन एक, म्हणजे अकरा, तुटत नाही. तीन एक तिनानं तुटतात. चार एक अकरानं. पाच एकांना एक्केचाळीसनं तोडलं. सात एकांना दोनशे एकोणचाळीसनं. अकरा एकांनी त्यांची आख्खी सुट्टी खाल्ली आणि शेवटी एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासपुढे मान टाकली. तेरा एकांची मात्र त्यांना कायम चीड होती. "मोठा आव आणला होता त्यानं. त्रेपन्ननंच फुटला. नुसता हात लावला न् फुटला. मी तर सुट्टीभराचे खडू आणून ठेवले होते गा."

मग सतरा. सोळा किंवा पंधरा एक मांडले तर ते सहज तुटतात, त्यात मजा नाही. सतराशी खरी कुस्ती. आणि या कुस्तीत सगळ्याच संख्या लावून पाहायची गरज नसते. आधी तुटलेल्यांचे तुकडे समोर ठेवून बघता बघता बाईंच्या लक्षात आलं होतं की सतरावाल्याला तोडणारी सगळ्यांत लहान संख्या चौतिसानं भागली तर एकच उरायला हवा. एका कॉलेजच्या प्रोफेसरांकडे जाऊन त्यांनी ते सिद्ध करून घेतलं. प्रोफेसरांनी कौतुकानं विचारलं, उत्तर सांगू का. बाई चपला हातात घेऊन पळाल्या म्हणतात. चपला विसरल्या असं वहिनी म्हणतात. मी मधला मार्ग म्हणून एक चप्पल धरतो.

तर चौतिसांच्या टप्प्याटप्प्यानं बाई चढत होत्या. सतरावाला हातात घेतला तेव्हा त्यांचे केस काळे होते. मी गेलो तेव्हा पांढरे होते आणि भाजक सात आकडी झाला होता. सकाळी दोन भागाकार, संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोन. टाकीला फळ्याचा काळा रंग दिलेला. वरच्या कोपऱ्यात चालू भाजक हातभर आकड्यांत लिहायचा, तो खाली गल्लीतून दिसे. डाव्या बाजूला त्या भाजकाचा नऊपर्यंतचा पाढा. उजवीकडे भागाकार. काही उरलं की ओल्या फडक्यानं सगळं पुसून पुढचा. कागदावर काही नाही. "कागद साठते," त्या म्हणत, "अन् साठलेलं माणूस पाहत बसते."

आता खरं सांगतो. शपथेनं काय होतं. आख्ख्या गल्लीनं पाहिलं होतं.

मी पहिल्याच संध्याकाळी पाहिलं. वहिनींनी माझ्या आधी पाहिलं होतं. इस्त्रीवाल्यानं पाहिलं आणि दुकानाच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला कोळशानं लिहून ठेवलं. दूधवाल्याला पाठ होतं. गल्लीत नवीन कुत्रं आलं तरी तीन दिवसांत त्याच्या भुंकण्यात तो आकडा ऐकू यायचा. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. एवढ्या संख्येनं सतरावाला तुटतो. पण बाईंसमोर कोणी अवाक्षर काढलं नाही. एवढी मोठी चहाडी पोटात घेऊन जगणारी दुसरी गल्ली नागपुरात नाही, आणि नागपुरात नाही म्हणजे जगात नाही.

टाकीच्या कोपऱ्यातला भाजक लोक क्रिकेटच्या स्कोअरसारखा पाहत. ऑफिसला निघालेला माणूस मान वर करून विचारी, "काय झालं?" इस्त्रीवाला इस्त्री न थांबवता सांगे, "वीस लाख साठ हजार. अब ज्यादा दूर नहीं." बाईंचं वय सत्तरी ओलांडून गेलेलं, जिना चढताना त्या मध्ये दोनदा थांबत, आणि गल्लीला एकच काळजी होती: बाई तिथवर पोचायला हव्यात.

त्या पोचल्या. हिवाळ्यातली सकाळ होती. टाकीच्या कोपऱ्यात तो आकडा उमटला. वहिनींनी आदल्या दिवशीच सांबारवड्यांची, म्हणजे कोथिंबीर भरलेल्या वड्यांची, तयारी केली होती, भल्ली मोठी परात भरून. इस्त्रीवाल्यानं मिरवणुकीत वाजवणारा एक संदलवाला आणून दुकानात बसवला होता, ढोलासकट, इस्त्रीला आलेल्या चादरींखाली झाकून. मी ऑफिसला दांडी मारली. लोक दारादारात उभे, आणि उभं राहण्याची कारणं शोधत होते. एक गृहस्थ तर स्वतःच्याच घराची बेल वाजवत होते.

वर खडूचा आवाज चालू होता. मग थांबला. मग जिन्यावर पावलं. एक थांबा. दुसरा थांबा. बाई दारात आल्या. हातावर खडूची पूड, कपाळावरही थोडी.

"आठ उरले," त्या म्हणाल्या.

बेल वाजवणाऱ्या गृहस्थांचं बोट बेलवरच राहिलं.

"काय गा, एवढे सगळे इथं काय करून राहिले?"

वहिनी म्हणाल्या, "काही नाही बाई. नळाले पाणी येणार होतं म्हणून."

"नळ तर तुझ्या घरात आहे वं."

तेवढ्यात चादरींखालच्या संदलवाल्याला वाटलं की आपल्याला इशारा झाला. त्यानं एकच ठोका दिला. धाड. इस्त्रीवाला त्याच्या अंगावर आणखी दोन चादरी टाकून म्हणाला, "सिलिंडर है बाई. खाली सिलिंडर."

बाईंनी त्या परातीकडे पाहिलं, चादरींकडे पाहिलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. पुढचा भाजक संध्याकाळी." आणि आत गेल्या.

त्या दिवशी सांबारवड्या थंड झाल्या. संदलवाला एकाच ठोक्यावर, न खाता निघून गेला.

मग इस्त्रीच्या टेबलाभोवती खलबतं सुरू झाली. आठ उरले म्हणजे हात चुकला. आणि चुकला म्हणजे बाई आता पुढेच पुढे जाणार. त्यापुढे त्यांना अडवणारी दुसरी संख्या जवळपास नाही. दुसरा तुकडा थेट पाच अब्जांच्या वर. तिथवर पोचायला बाईंना हनुमंताचं आयुष्य हवं. आयुष्यभराचं काम हातात येऊन निसटलं होतं आणि हे त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

"सांगून टाकू," इस्त्रीवाला म्हणाला. "मेरे से नहीं देखा जाता."

"सांगितलं तर खोली जाईल ह्यांची," वहिनी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "अन् बाई जातील त्या वेगळ्याच. त्यांच्यात काय राहीन मंग?"

मी हुशारी करायला गेलो. अकरावरून सातावर यायचा दिवस होता, चार केळी समोर होती. मी केळं सोलत सहज म्हणालो, "बाई, वीस लाखांत आठ म्हणजे काहीच नाही. जवळजवळ तुटलाच म्हणायचा."

"जवळजवळ?" बाईंनी माझ्या हातातलं केळं काढून घेतलं. "उरणं म्हणजे उरणं. एक उरला काय, लाख उरले काय. जवळजवळ पास झालेला पोट्टा वरच्या वर्गात बसते का?"

पण त्याच दिवशी मला धागा लागला. भिंतीवरच्या, रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरकडे बघत बाई म्हणाल्या, "आज एकोणीस. तुझा पंखा साफ करायचा ना आज?"

त्या दिवशी अकरा तारीख होती.

मी कॅलेंडरकडे पाहिलं. अकरातला दुसरा एक त्यांना नऊ दिसला होता. देवनागरी एक आणि देवनागरी नऊ. धुरकट डोळ्याला दोघं सख्खे भाऊ. आणि सतरावाला म्हणजे नुसते एकच एक. भागाकारात प्रत्येक पायरीला वरून एक खाली उतरवायचा. शेवटचा एक त्यांनी उतरवला आणि स्वतःच लिहिलेला तो एक नऊ म्हणून वाचला. बाकी सगळं बरोबर. फक्त शेवटी आठ जास्त.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. चहा कपाच्या शेजारी ओतला जायचा तो माझ्या लक्षात यायला हवा होता, पण मला वाटायचं बशीत पितात.

ऑपरेशनला बाई तयार होईनात. "डॉक्टर म्हणन वाकू नका, उन्हात जाऊ नका, धुळीत जाऊ नका. खडू म्हणजे काय असते गा? धूळच असते. दोन्ही डोळ्यांचे मिळून तीन महिने जाईन. सतरावाला काय माह्यासाठी थांबून राहीन का?"

मी कूलर विकणारा माणूस. जानेवारीत कूलर विकलेला माणूस. मी म्हणालो, "बाई, आता तुम्हाला एका भागाकाराला किती वेळ लागतो? आकडा वाचायलाच नाकाजवळ न्यावा लागतो. डोळे साफ झाले तर सकाळी दोनाचे तीन होतील, संध्याकाळी तीन. चाराचे सहा. तीन महिने गेले ते सहा महिन्यांत भरून निघतील, मग पुढे सगळा नफाच."

बाईंनी मनात गुणाकार केला. हिशेब बरोबर होता.

"विकलास तू मले कूलर," त्या म्हणाल्या.

धंतोलीत डोळ्यांच्या दवाखान्यात अर्धा विदर्भ बाकावर बसलेला असतो. वणीहून आलेले, गोंदियाहून आलेले, एका पेशंटमागे चार नातेवाईक आणि एक डबा. बाईंच्या हातात टोकन आलं सत्तावीस. "गरीब आहे बिचारा," म्हणून त्यांनी ते शेजारच्या आजोबांच्या एकोणतीसशी बदलून घेतलं. दोन नंबर मागे गेल्या, पण समाधानानं बसल्या. आजोबांना आपला नंबर आधी कसा लागला ते कळेना. ते बाईंना आशीर्वाद देऊन आत गेले.

परत येताना ऑटोत त्या कडेला बसल्या होत्या. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात औषधांची पिशवी. मध्येच म्हणाल्या, "नऊ अन् एक ह्यात फरक किती असते गा?"

"आठ," मी म्हणालो.

"हं."

तलाव येईपर्यंत त्या बोटानं पिशवीवर काहीतरी गिरवत राहिल्या. मी रस्त्याकडे तोंड करून बसलो, कारण माझ्या तोंडाचा मला भरवसा नव्हता.

दुसरा डोळा झाला. ठरलेले महिने काळ्या चष्म्यात, कुरकुरत, वहिनींकडून पेपर वाचून घेत गेले. ज्या दिवशी डॉक्टरांनी मोकळं केलं, त्या दिवशी बाई गच्चीवर आल्या. टाकीवर एक लिहिला. त्याच्या शेजारी नऊ लिहिला. मागे सरकून पाहिलं. पुढे होऊन पाहिलं. मग मला म्हणाल्या, "धुकं कधीपासून होतं कोणाले ठाऊक. तेवढं सगळं पुन्हा करावं लागन."

"कुठून?" मी विचारलं. आवाज शक्य तितका कूलरच्या पंख्यासारखा सरळ ठेवला.

"थांब, आठवू दे." त्या पायरीवर बसल्या. "मागच्याच्या मागच्या संक्रांतीले सुईत दोरा वहिनीकडून ओवून घेतला होता. त्याच्या आधी मीच ओवायची. तर मंग संक्रांतीपासूनचं सगळं रद्द." आणि त्या संक्रांतीला टाकीवर कोणता भाजक होता तो त्यांनी पाठ सांगितला.

मी मनात वजाबाकी केली. तो भाजक वीस लाख एकाहत्तर हजारांच्या कितीतरी मागे होता. मला नाचावंसं वाटलं. मी खाली जाऊन इस्त्रीवाल्याला सांगितलं, तर तो नाचला. त्याच्या हातात इस्त्री होती, त्यामुळे गल्लीत अजून एका सदऱ्यावर त्या आनंदाची तिकोनी खूण आहे.

मग पुन्हा चढण. एकेक भाजक, एकेक भागाकार, जिथून गेलो तिथूनच. एवढ्यात माझं लग्न झालं. बायकोनं माप ओलांडलं आणि बाईंनी तिला थेट टाकीवर हात ठेवायला नेलं. मनीषनगरात फ्लॅट घेतला होता, ताबाही मिळाला होता, पण मी जाईना. बायको म्हणाली, एका टाकीपायी फ्लॅट रिकामा ठेवणारा माणूस मी पाहिला नाही. चौथ्या दिवशी ती स्वतः गच्चीच्या कठड्याला टेकून विचारत होती, "आज कुठवर?"

तो दिवस आला तेव्हा गल्लीनं ठरवलं होतं: या वेळी कोणी उभं राहायचं नाही. परात नाही, संदल नाही. सगळे आपापल्या घरात होते आणि एवढी शांतता होती की लोकांना वाटलं कर्फ्यू लागला. इस्त्रीवाला एकच शर्ट इस्त्री करत राहिला. तो शर्ट पुढे इतका पातळ झाला की मालकानं तो रुमाल म्हणून वापरला.

मी गच्चीवरच्या माझ्या खोलीत कूलर धूत होतो. धुतलेलाच धूत होतो. बाहेर खडू टकटकत होता. पाढा झाला. भागाकार सुरू झाला. पाच. तीन. सहा. तीन. मला कोणता अंक कधी येणार ते पाठ होतं, त्या खडूच्या वळणावरून मी ऐकत होतो. मग खडू थांबला.

मी तीच जाळी तिसऱ्यांदा धुतली.

"ये गा इकडं."

मी ओल्या हातानं बाहेर आलो. बाई टाकीपासून दोन पावलं मागे उभ्या होत्या. काळ्या रंगावर शेवटच्या दोन ओळी होत्या. त्याखाली रेघ मारलेली, रेघेखाली काही नाही.

"वरचा वाच."

"एक कोटी पंचेचाळीस लाख दोन हजार एकसष्ट."

"शेवटचा एक आहे ना? नऊ नाही?"

"एक आहे बाई."

"खालचा वाच."

"एक कोटी पंचेचाळीस लाख दोन हजार एकसष्ट."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचला. माझा आवाज फुटला, तो मी खोकल्यात घातला.

बाई पुढे झाल्या आणि रेघेखाली शून्य काढलं. पहिलीच्या पोरांना शिकवताना काढतात तसं, मोठं, गोल, सावकाश, सुरू केलं तिथेच नीट आणून मिळवलेलं. मग टाकीवर तळहात ठेवला. दूध देऊन झालेल्या गायीच्या पाठीवर ठेवतात तसा.

"लय दमवलं गा यानं," त्या म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले, मग डॉक्टरांनी पदर लावू नका म्हणून सांगितलंय हे आठवून रुमालानं पुसले.

थोड्या वेळानं पायरीवर टेकल्या. "जा. त्या संदलवाल्याले बोलावून आण. मागच्या खेपेले बिचारा उपाशी गेला."

मी उभाच राहिलो.

"पाहतो काय भैताडासारखा. चाळीस पोट्ट्यांच्या वर्गात उत्तर कोणाकोणाले येते, हे मले फळ्याकडे तोंड असतानाही समजत होतं. सगळी गल्ली दारात उभी. परात भरून सांबारवड्या. सिलिंडर म्हणे. सिलिंडर ढोलासारखा वाजते का कुठं? अन् तू. तुझं तोंड तर असं झालं होतं जसा तुझा बाप वारला."

"मग बाई, तेव्हाच परत का नाही केला तो भागाकार? दुसऱ्या दिवशी केला असता तर..."

"तुमच्या तोंडाकडे पाहून केला असता तर ती कॉपी झाली असती," बाई म्हणाल्या. "मी आयुष्यभर पोट्ट्यांच्या हातावरच्या चिठ्ठ्या धरल्या. आता म्हातारपणी तुमच्या तोंडावरची वाचू? मले ठाऊक होतं, तिथंच कुठंतरी आहे. ठाऊक असून पुढंच गेली. मंग डोळे झाले. तेव्हा खरं कारण मिळालं मागं यायले. सुईचा दोरा. ते माझं स्वतःचं कारण होतं."

मला आठवलं, ऑटोत विचारलेला तो नऊ आणि एकातला फरक. त्यानंतर एवढे महिने, तेच उत्तर समोर दिसत असताना, त्या सुईच्या दोऱ्यापासून एकेक भाजक लावत आल्या होत्या. एकही गाळला नव्हता.

त्या दिवशी संदल वाजला तो असा की तलावातलं पाणी काठापर्यंत आलं. सांबारवड्या गरम होत्या. बाईंनी एकोणीस घेतल्या. खाल्ल्या तीन, बाकीच्या वाटल्या. पण घेतल्या एकोणीस, आणि तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मी मनीषनगरला गेलो. महिन्या-दोन महिन्यांनी बाईंकडे जायचो, केळी घेऊन, तेरा. एकदा गेलो तर टाकीला नवा काळा रंग दिलेला. वरती कोपऱ्यात भाजक लहानसा, एकशे एक्क्याण्णव. आणि टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकापुढे एक, एकोणीस एक.

"अठरा सोपा आहे, सोडून दिला," बाई म्हणाल्या. "ह्याले अडतिसाचा टप्पा. ठेव हात टाकीवर."

मी हात ठेवला, शपथ घेतली, आणि घरी पोचायच्या आत, वाटेतल्या पुलाखाली गाडी उभी करून मोबाइलमध्ये पाहिलं. एकोणीसवाला तुटत नाही. कशानंच नाही. तो पूर्ण एकटा आहे. बाईंनी रोज सहा भागाकार केले, आणखी शंभर बायांनी त्यांच्या बरोबरीनं केले, तरी तो तुटायचा नाही आणि तुटत नाही हे हातानं कधी ठरायचंही नाही.

दुसऱ्याच सकाळी मी तयारीनं गेलो. आरशासमोर तोंड सरळ ठेवायचा सराव केला होता. बायको म्हणाली, दगड दिसतोस, जा. मी गच्चीवर गेलो, केळी ठेवली, हवापाण्याचं बोललो, नव्या कूलरच्या मोटरचं बोललो. टाकीकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. पेपर तपासताना पाहतात तसं, वरून खाली, मग पुन्हा वरून. त्या नव्या डोळ्यांना आता सगळंच स्वच्छ दिसत होतं.

"एक्क्याण्णव तो एक्क्याण्णवच राहिला," त्या शेवटी म्हणाल्या.

मी केळी उगाच पुन्हा मोजली.

"म्हणजे मंग घाई नाही." बाईंनी दोन केळी काढली. एक मला दिलं, एक स्वतः सोललं. उरलेली अकरा कोपऱ्यात ठेवली. मग उठल्या, ओल्या फडक्यानं कोपऱ्यातला भाजक पुसला, आणि माझ्याकडे पाठ करून, सावकाश, वळणदार आकड्यांत पुढचा लिहिला. दोनशे एकोणतीस.